चित्रातली पोर आणि आमची

ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. लोक सांगतात, चित्र पाहून डोळे भरून आले, मन शांत झालं. माझं तसलं काही झालं नाही. मला वाटलं, हिला उचलून फेकून द्यावं खिडकीतून.

आम्ही राहतो त्या एडिनबरापासून बसने तासाभरावर एका उमरावाचं जुनं घर आहे. घर म्हणायचं म्हणून घर, नाहीतर पुण्यातली आमची अख्खी सोसायटी त्यात मावली असती. आता ते लोकांना बघायला खुलं आहे. वरच्या मजल्यावर एक लहानशी बैठकीची खोली, तिथे फायरप्लेसच्या वर ते चित्र होतं. तैलरंगातलं, दोनशे वर्षांपूर्वीचं. दीड-दोन वर्षांची मुलगी गवतात बसली आहे. अंगात पांढरा मलमलचा झगा, तोही एका खांद्यावरून घसरलेला. एक बूट पायात, एक गवतात. शेजारी तपकिरी कुत्र्याचं पिल्लू. मोठे मोठे डोळे, कपाळावर कुरळ्या बटा, आणि मागे काळंकुट्ट भरून आलेलं आभाळ. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की अरे, कोणीतरी स्वेटर घाला त्या पोरीला!

गळ्यात तिच्या पोवळ्यांची माळ होती. खोलीत माहितीचा कागद ठेवला होता, त्यात लिहिलं होतं की मुलांना काही बाधू नये म्हणून त्या काळी इथे पोवळी घालत. ते वाचून मला जरा हसू आलं. म्हणजे दृष्टीला घाबरणाऱ्या आम्हीच एकट्या नव्हतो. मग खालची ओळ वाचली. ही मुलगी चित्र काढण्याआधीच गेली होती. चित्रकाराने तिला जिवंतपणी कधी पाहिलंच नव्हतं. गेल्यावर चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेतला होता तो, आणि समोर बसवलेली तिची मोठी बहीण, यांच्यावरून त्याने हा चेहरा जमवला होता.

तिडीक गेली ती इथे. पोर गेल्यावर यांना सुचलं, आणि तरीही यांच्याकडे चेहरा आहे. दोनशे वर्षं भिंतीवर आहे. माझी मुलगी अकरा महिने माझ्या मांडीवर होती, आणि माझ्याकडे तिचा एक फोटो नाही.

आता हे कसं, ते सांगायला हवं. कारण ऐकणाऱ्याला वाटतं ही बाई थापा मारते. आजच्या दिवसात बाळाचा फोटो नाही? इथे लोक जेवणाच्या ताटाचे फोटो काढतात.

आमच्या आईकडे एक नियम होता. बाळाचं वर्ष पूर्ण होईपर्यंत त्याचा फोटो काढायचा नाही. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. सहा महिन्यांचा असताना त्याला कौतुकाने स्टुडिओत नेऊन, टोपडं घालून फोटो काढला. पुढच्याच आठवड्यात तो गेला. तेव्हापासून आईने धसकाच घेतला. माझा पहिला फोटो आहे तोच मुळी दोन वर्षांची असतानाचा, त्यातही आई मागून माझा फ्रॉक घट्ट धरून उभी आहे, कॅमेरावाला मला पळवून नेणार असल्यासारखी.

मी सॉफ्टवेअरमधली बाई. टेस्टिंग करते. समोरच्याने पुरावा दाखवल्याशिवाय त्याचं काही ऐकून घेत नाही, ऑफिसात यासाठी बदनाम आहे. पण लग्नानंतर सात वर्षांनी मला दिवस राहिले तेव्हा आईने फोनवर एवढंच म्हटलं, "अगं, तेवढं एक पाळ. बाकी काही पाळू नकोस." आणि मी पाळलं. नुसतं पाळलं नाही, कायदाच केला. आईने सांगितलं होतं बोटभर, मी केलं हातभर.

बारशाला आमच्या फ्लॅटमध्ये वीसेक माणसं होती. कोणी ग्लासगोहून आलेलं, कोणी पार लंडनजवळच्या स्लाऊहून. दारातच मी पुरणपोळ्यांचा मोठा स्टीलचा डबा घेऊन उभी राहिले आणि प्रत्येकाचा मोबाइल त्यात टाकायला लावला. लोक हसले. "अगं, एअरपोर्टची सिक्युरिटी बरी!" कोणीतरी म्हणालं. मी म्हटलं, "हसा, पण टाका." पुण्याला व्हिडिओ कॉल व्हायचे, पण स्क्रीनशॉट काढायचा नाही म्हणून सासूबाईंना ताकीद. बिचाऱ्यांना स्क्रीनशॉट म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. मी आधी समजावून सांगितलं, मग काढू नका म्हणून बजावलं. "बरं बाई, नाही काढत," म्हणाल्या. पासपोर्टला फोटो लागतो म्हणून पासपोर्टही ठेवला वर्षानंतर. वाढदिवस झाला की फोटो, मग पासपोर्ट, मग पुणे, असं सगळं ठरलं होतं.

नवरा सुरुवातीला कुरकुरला. "ती हसते ना झोपेत, तो एक काढू दे ना." मी म्हटलं, "शहाणपणा करू नकोस. वर्षभर थांब, नंतर दिवसाला शंभर काढ." तो माझ्यासारखा भांडखोर नाही. फोन खिशात ठेवून दिला.

वर्षाला पंचवीस दिवस कमी होते. मंगळवारी सकाळी तिला ताप आला. जीपीने, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरने, तपासून लगेच हॉस्पिटलला पाठवलं. मेंदूपर्यंत गेलेला ताप होता. गुरुवारी दुपारी ती गेली. या तीन दिवसांबद्दल मी कधीच कोणाशी बोलले नाही, इथेही बोलणार नाही. एकच गोष्ट सांगते. तिथे एक नर्स होती, पन्नाशीची, मऊ आवाजाची. ती माझ्याशेजारी गुडघे टेकून बसली आणि म्हणाली की आम्ही तिच्या हातापायाचे ठसे घेतो, आणि तुमची हरकत नसेल तर काही फोटोही काढून ठेवू, पुढे कधीतरी बघावेसे वाटतील. मी तिच्या अंगावर किंचाळले. "हात लावू नका तिला! फोटो नको!" वर्ष व्हायला अजून दिवस बाकी होते ना. आता कशासाठी नियम पाळत होते कोण जाणे. ती बिचारी घाबरून मागे सरली. ठसे मात्र तिने घेतले, ते माझ्याकडे आहेत.

लाल वही आहे, बाळ तपासायला घरी येणारी नर्स, हेल्थ व्हिजिटर, वजनं लिहायची ती. त्यात उंची आहे, दर महिन्याचं वजन आहे, डोक्याचा घेरसुद्धा आहे. झबली आहेत, दात येताना चावलेली रबराची रिंग आहे. सगळं आहे. चेहरा नाही.

पहिलं वर्ष मला तो पाठ होता. डोळे मिटले की समोर. दुसऱ्या वर्षी एकदा भांडी घासताना लक्षात आलं की तिची हनुवटी मला आठवत नाहीये. हात तसेच साबणात. हनुवटी कशी होती? खळी होती की नव्हती? मी नवऱ्याला हाक मारून विचारलं तर तो म्हणाला, "मला नको विचारूस," आणि कोट चढवून बाहेर निघून गेला. अस्सा राग आला मला! मग हळूहळू बाकीचंही गेलं. नाक गेलं, कपाळ गेलं. रोज थोडी थोडी ती माझ्याकडून निसटत होती आणि मी काहीही करू शकत नव्हते. दुसरं मूल झालं नाही. झालं असतं तर त्याच्या तोंडावरून हिचं काहीतरी हाताला लागलं असतं, असं मला फार वाटायचं.

अशा दिवसांत, एका बँक हॉलिडेच्या सुटीला, नवरा मला मोकळ्या हवेत न्यावं म्हणून त्या उमरावाच्या घरी घेऊन गेला. तो खाली बागेतच थांबला, मी वर गेले, आणि मी ते चित्र पाहिलं.

रागाने घरी आले खरी, पण पुढच्या शनिवारी एकटीच बस धरून परत गेले. त्याच्या पुढच्या शनिवारीही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा खोलीत बसणाऱ्या बाई म्हणाल्या, "तिकीट काढून किती वेळा याल? आमच्याकडे व्हॉलंटियर व्हा." त्या निवृत्त शाळामास्तरीण होत्या, सत्तरीच्या, बोलायला फटकळ. आमचं चांगलं जमलं.

तेव्हापासून सात वर्षं मी शनिवारी त्या खोलीत बसले. काम सोपं. सकाळी खिडक्यांचे पडदे ठरलेल्या खुणेपर्यंत खाली ओढायचे, कारण उजेडाने रंग उडतात. मग कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं. लोकांनी हात लावायचा नाही एवढं बघायचं. कोणी विचारलं तर सांगायचं, न विचारता ज्ञान पाजायचं नाही, हे त्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी दोनदा सांगितलं. माझा स्वभाव त्यांनी ओळखला असावा.

खोली रिकामी असली की मी त्या पोरीशी मराठीत बोलायचे. "काय गं चिमणे, बूट घाल ना. गार वारं सुटलंय." असं वेड्यासारखं. आणि हळूहळू झालं असं की हनुवटी सापडली. तिला जशी खळी होती तशीच आमचीला होती, मला स्पष्ट आठवलं. मग गालाची ठेवण सापडली. मग ते डोळे. रात्रंदिवस हुडकत होते ते सगळं त्या चौकटीत होतं. मी आईला फोन करून सांगितलं की इथे एका चित्रातली मुलगी डिट्टो आपल्या बाळासारखी आहे. आई रडली. मीही रडले, पण बऱ्याच दिवसांनी बरं वाटून.

नवरा मला गाडीने सोडायला यायचा आणि दिवसभर खाली टी-रूममध्ये लॅपटॉप घेऊन बसायचा. वर कधी आला नाही. सात वर्षांत एकदाही नाही. "एकदा बघून जा ना तिला," मी म्हणायचे. "नको," तो म्हणायचा. "अरे, तुझी मुलगी दिसते त्यात तुला!" "नको म्हटलं ना." यावरून आमची कडाक्याची भांडणं झाली. एकदा तर मी त्याला तोंडावर म्हटलं, "दगड आहेस तू. तुला ती आठवतसुद्धा नाही." मी ते खरंच धरून चालले.

मग या वसंतात त्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उमरावाच्या वारसांनी चित्र विकलं. परदेशात कोणी घेतलं, कोणी ते सांगत नाहीत. सोमवारी न्यायला माणसं येणार.

बाई म्हणाल्या, "फोटो काढून ठेवा ना, फ्लॅश न मारता परवानगी आहे." मला तेव्हा उमजलं की सात वर्षांत मी त्या चित्राचाही फोटो काढलेला नव्हता. लोक रोज काढायचे माझ्यासमोर. माझा हातच कधी खिशाकडे गेला नव्हता.

मी तशीच खाली टी-रूममध्ये गेले. नवऱ्याचा लॅपटॉप खाडकन बंद केला. "ती परवा जाणार आहे," मी म्हटलं. "आज तू वर येणार. नाही आलास तर मी घरी येणार नाही. कुठे जाईन ते जाईन." आजूबाजूच्या म्हाताऱ्या स्कोन खायच्या थांबल्या. नवरा उठला.

तो चित्रासमोर उभा राहिला. हात मागे बांधून, बराच वेळ. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता याचा चेहरा बदलेल, आता हा रडेल, म्हणून. तो रडला नाही. सावकाश मान हलवली आणि म्हणाला, "नाही. ती अशी नव्हती."

"काय?"

"अशी नव्हती ती. थोडीसुद्धा नाही."

मी भडकले. खोलीत माणसं होती, तरी भडकले. "तुला काय माहीत कशी होती ते? तू विसरून मोकळा झालास! मी सात वर्षं घातली इथे तिला शोधायला!" मास्तरीणबाईंना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी मुकाट्याने बाकीच्यांना पुढच्या खोलीत नेलं. नवऱ्याने माझं कोपर धरलं आणि म्हणाला, "गाडीत चल."

गाडीत तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मग खिशातून फोन काढला. एका फोल्डरला पासवर्ड होता, तो टाकताना दोनदा चुकला. फोन माझ्याकडे न बघता माझ्यापुढे धरला.

एका बाळाचा फोटो होता. मोठं कपाळ, वर विरळ जावळ, अगदी सरळ. नाक बसकं, त्यावर भाताचं शीत. हसून हसून डोळ्यांच्या नुसत्या रेघा झालेल्या. हनुवटी गोल, गुळगुळीत.

"कोणाचं बाळ रे हे?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं मी काय बोलले ते.

मग त्याने सांगितलं. ती आजारी पडली त्याच्या आदल्या रविवारी मी खरेदीला गेले होते. तो तिला मऊ भात भरवत होता. नाकाला शीत लागलं म्हणून ती स्वतःशीच खिदळायला लागली आणि त्याला राहवलं नाही. एकच काढला. त्याला वाटलं, वाढदिवसाला मला दाखवून चकित करावं. आणि मंगळवारी ताप आला.

"तू सांगितलं होतंस," तो म्हणाला. "शंभरदा सांगितलं होतंस. आणि मी काढला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ताप. मला डिलीट करता आला नाही आणि तुला दाखवता आला नाही. चार फोन बदलले, दर वेळी हा एक फोटो पुढच्या फोनमध्ये हलवला. माझ्यामुळे गेली ती."

नऊ वर्षं. माझ्या शेजारी झोपून, माझ्या शिव्या खाऊन, नऊ वर्षं हा माणूस हे घेऊन बसला होता. आणि मी त्याला दगड म्हणत होते.

त्याला यातून सोडवायला एकच वाक्य पुरेसं होतं, ते माझ्या जिभेवर होतं, आणि ते बोलायची मला भीती वाटत होती. फोटोने काही होत नाही, असं मी म्हटलं की तो सुटणार होता. पण मग तो डबा, ती ताकीद, त्या नर्सवर किंचाळणं, सगळं फुकटचं होणार होतं. माझ्या मुलीचा चेहरा मी माझ्या हाताने टाकून दिला, एवढंच उरणार होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तो वाट बघत होता. त्याने काही विचारलं नव्हतं, तरी वाट बघत होता.

"फोटोने काही होत नाही रे," मी म्हटलं. "तिला ताप आला. तू काही केलं नाहीस."

"नक्की?" लहान मुलासारखं विचारलं त्याने.

"नक्की."

तो रडायला लागला, मोठ्याने, तोंड न झाकता. मग रडता रडताच म्हणाला, "मग तू इतके दिवस..." आणि पुढचं त्याने गिळलं.

"मी चुकले," मी म्हटलं. "तू नाही. मी चुकले."

मी परत वर गेले नाही. बाईंचा निरोप घ्यायलासुद्धा नाही. त्याच्या हातातून फोन घेतला, स्क्रीनचा उजेड वाढवला, आणि कार पार्कमधली शेवटची गाडी जाईपर्यंत माझ्या मुलीचा चेहरा पाठ करत बसले.